लिहून देणाराची प्रत

भाऊ जाऊन तीन वर्षं झाल्यावर त्याची जन्मतारीख दुरुस्त झाल्याचं पत्र आलं. सकाळचे साडेदहा वाजले असतील. दाराच्या पेटीत पडलेले लिफाफे घेऊन मी नेहमीसारखी न्हाणीघरात स्टुलावर बसले होते आणि पुढ्यात पाण्याने अर्धी भरलेली बादली होती. आलेल्या कागदावर जिथे माझं नाव किंवा पत्ता असेल तेवढा भाग आधी कात्रीने कापायचा, त्याच्या उभ्या पट्ट्या करायच्या, मग आडव्या, आणि सगळं बादलीत भिजत घालायचं, अशी माझी रीत आहे. दोन दिवसांनी त्याचा लगदा होतो. तो पिळून, गोळे करून मी कचऱ्यात टाकते. त्या गोळ्यांतून माझं नाव शोधून काढणारा चोर निघालाच तर त्याला मी स्वतःच्या हाताने चहा करून देईन. तर त्या दिवशीही हात सवयीने चालला. पत्राच्या डोक्यावरचं माझं नाव कापून झालं, पट्ट्या पाण्यात पडल्या, आणि मग उरलेल्या कागदाकडे नजर गेली. पत्र नागरिक नोंदणी कार्यालयाचं होतं. ‘आपण दिलेल्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे आपले धाकटे बंधू यांची जन्मतारीख १ नोव्हेंबरऐवजी ३ मार्च अशी, सालासह, दुरुस्त करण्यात आली आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत समक्ष कळवावे.’ आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, ‘प्रत : लिहून देणार यांस.’ मी बादलीत हात घातला आणि पट्ट्या एकेक करून बाहेर काढल्या. माझ्या नावाचे सात तुकडे झाले होते. ते बादलीच्या काठावर ओळीने चिकटवून मी पुन्हा वाचले. लिहून देणार म्हणजे मीच होते.

मी काहीही लिहून दिलं नव्हतं. हे इतक्या खात्रीने सांगता येतं, कारण लिहून देण्याची वेळ आयुष्यात एकदा आली होती आणि तेव्हा मी नाही म्हटलं होतं. विसरले असेन, सही कुठे झाली असेल, असं म्हणायची सोय मला नाही. तेहतीस वर्षं मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. लोखंडी मांडण्या, त्यांत लोकांचे आजार, वय, पत्ते, नवऱ्यापासून लपवलेली बाळंतपणं, बायकोपासून लपवलेली दुखणी. कुणी डोकावलं की मी फाइल मिटत असे. तिथे मला सगळे कुलूपबाई म्हणत, आणि भावाला कळल्यावर त्याने घरातही तेच नाव चालू केलं. औषधाच्या दुकानात तो मुद्दाम माझ्याबरोबर यायचा, मजा बघायला. दुकानदार म्हणायचा, “बाई, फोन नंबर?” मी म्हणायची, नाही. “बरं, नाव तरी?” नाही. “मग गोळ्या कोणाला देऊ?” मी म्हणायची, डोकं दुखतंय त्याला द्या. भाऊ मागे उभा राहून हसायचा. दुसऱ्यांना मी हेच शिकवत आले. फोनवर कुणाला काही सांगू नका, वाढदिवस फळ्यावर लिहू नका, कागद फेकायच्या आधी फाडा, माहिती एकदा दाराबाहेर गेली की तिला हाक मारून परत बोलावता येत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

भावाला आम्ही पेन्सिल म्हणायचो. अंगाने तसाच होता, आणि कानावर कायम एक पेन्सिल खोचलेली असायची, पुढे नोकरीही तीच मिळाली, मोजणी खात्यात नकाशे काढायची. तो जन्मला तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला तो दिवस आठवतो म्हणजे काय, तो दिवस सोडला तर त्या वर्षातलं दुसरं काहीच आठवत नाही. पुलाजवळच्या प्रसूतिगृहाचा व्हरांडा, तिथलं हिरवं बाक, पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून मी ते हलवत होते आणि वडील दर थोड्या वेळाने म्हणत होते, पाय हलवू नकोस. समोर भिंतीवर रोज एक पान फाडायची दिनदर्शिका होती. कालचं पान तसंच होतं. मला ते बघवेना. मी बाकावर चढून ते फाडलं आणि खाली तीन आकडा निघाला, मार्चचा तीन, रविवार म्हणून लाल. तेवढ्यात आतून नर्स आली, ओले हात पुसत, आणि वडिलांना म्हणाली, “मुलगा आहे, ओरडतोय बघा कसा.” नंतर आईने तो माझ्या मांडीवर दिला. गरम होता. एवढ्या लहान जिवाला एवढी ऊब कुठून येते, असं वाटून मी घाबरले आणि पाय हलवायचे थांबवले.

पुढे आई अंथरुणाला खिळली. कारखान्यात कामाला जाणाऱ्या वडिलांना दिवसभर या पोराचं काय करावं कळेना. शाळेत सहा वर्षांशिवाय घेत नव्हते आणि पेन्सिल जेमतेम पावणेपाचचा. वडिलांनी हेडमास्तरांपुढे सरळ त्याला सहाचा करून टाकला. एक नोव्हेंबर म्हणाले, कारण पहिली तारीख लक्षात राहायला सोपी. सोळा महिने त्याच्या अंगावर चढवले, जसा मोठ्याचा सदरा धाकट्याला घालतात तसे. माझं उलटं झालं होतं. आईच्या पहिल्या दुखण्यात मी वर्षभर घरी राहिले, शाळेत उशिरा गेले, तर मोठी पोरगी खालच्या वर्गात बरी दिसत नाही म्हणून माझं एक वर्ष वडिलांनी कमी केलं होतं. एक जुलै, पहिलीच तारीख. वडील लबाड नव्हते. त्यांच्या लेखी तारीख म्हणजे शाळेच्या दाराची कडी, ती काढली की काम झालं. घरात मात्र पेन्सिलचा वाढदिवस तीन मार्चलाच व्हायचा. शाळेत एक नोव्हेंबरला बाई त्याला उभं करून वर्गाला टाळ्या वाजवायला लावत आणि तो खाली मान घालून दुसऱ्या कुणाच्या तरी टाळ्या घेतल्यासारखा उभा राहायचा.

तो एक्केचाळीस वर्षांचा असताना त्याने मला विचारलं. आम्ही दोघंही लग्नाशिवाय राहिलेले, आईवडील गेलेले, घर तेच, पुढच्या खोलीत त्याचं नकाशाचं मोठं टेबल आणि मागच्या खोलीत मी. खात्यात नियम होता की वीस वर्षं नोकरी व्हायच्या आत तारीख दुरुस्त करून घ्यायची असेल तर घ्या, नंतर ऐकणार नाही. प्रसूतिगृह पाडून तिथे गोदाम झालं होतं, कागद मिळत नव्हता. मग उरलं एकच. त्याच्याहून मोठं, रक्ताच्या नात्याचं, जन्माच्या वेळी हजर असलेलं कुणीतरी लिहून द्यायला हवं. “तुझ्याशिवाय कोण आहे?” तो म्हणाला. “एक पान लिहायचं आणि एक सही. आठवतंय ना तुला, लाल आकडा?” मी भाजी चिरत होते. मी म्हटलं, बघू. आणि आठ दिवस बघितलं. नवव्या दिवशी म्हटलं, आपल्या दोघांच्याही तारखा एकाच माणसाने सांगितल्यात, एक उसवली की दुसरी उसवणार. मी शपथेवर सांगायचं की वडिलांनी खोटं सांगितलं, आणि मग ते विचारणार, तुमची तारीख कोणी सांगितली? तेव्हा मी रेकॉर्ड रूमची मुख्य होणार होते. माझं एक वर्ष गेलं असतं, कदाचित नावही गेलं असतं, नोंदी सांभाळणारीचीच नोंद खोटी म्हणून. हे सगळं मी त्याला नीट, मुद्देसूद समजावून सांगितलं. तो ऐकत होता. कानावरची पेन्सिल काढून त्याने तिचं टोक बोटाने तपासलं आणि म्हणाला, “बरं गं कुलूप.” एवढंच. त्यानंतर चोवीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि तो विषय दोघांनीही काढला नाही. त्याने काढला असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

सोळा महिने म्हणजे काय, ते कळायला पुढची पंधरा वर्षं जावी लागली. नोकरीच्या शेवटच्या काळात तो नदीच्या पात्राचा नकाशा करत होता, उगमापासून समुद्रापर्यंत, चाळीस तावांचा. प्रत्येक वळण तो स्वतः जाऊन बघायचा. घरी जेवताना ताटात बोटाने वळणं काढायचा. बत्तिसावा ताव चालू असताना निवृत्तीचा दिवस आला, आला म्हणजे वडिलांच्या हिशोबाने आला. खात्याने हार घातला आणि उरलेले आठ ताव दुसऱ्याकडे दिले. नकाशा छापून आला तेव्हा खाली त्या दुसऱ्याची सही होती, रीतीप्रमाणे, पुरा करणाऱ्याची. एक प्रत गुंडाळून घरी आली. पेन्सिलने ती टेबलाच्या मागे उभी करून ठेवली आणि मरेपर्यंत उघडली नाही. मी एकदा म्हटलं, बघ तरी. तो म्हणाला, “माझा नाहीये तो.” रागाने नाही म्हणाला. त्याचा राग मला कधी दिसलाच नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडे गेले. त्या वर्तमानपत्रातली कात्रणं डब्यांत जपून ठेवतात, मी कागद बादलीत घालते, त्यामुळे आमचं छान जमतं. मी विचारलं, भाऊ गेला तेव्हा मी पेपरात दिलेली बातमी तुमच्याकडे असेल का? “असेल का काय, आहेच,” त्या म्हणाल्या. “अहो ताई, किती छान लिहिलं होतंत. माझ्यावर असं कोण लिहिणार आहे?” त्यांनी डबा उघडून कात्रण माझ्या हातात दिलं आणि चष्मा शोधायला लागल्या, तो त्यांच्या डोक्यावरच होता. मी वाचलं. स्वतःचं लिहिलेलं तीन वर्षांनी वाचत होते. नकाशावर नाव आलं नाही, निदान इथे तरी त्याचं सगळं येऊ दे, असं तेव्हा मनात होतं, आणि मी सगळं लिहिलं होतं. पूर्ण नाव. घरचं नाव पेन्सिल. जन्म तीन मार्च, साल, पुलाजवळचं प्रसूतिगृह. आयुष्यात पहिल्यांदा ती तारीख छापून आली म्हणून मी ते कात्रण तेव्हा दहा वेळा वाचलं होतं. आईचं माहेरचं आडनाव. वडिलांचा कारखाना. शाळा, खातं, कुठल्या साली लागला. शोकाकुल थोरली बहीण म्हणून माझं नाव, आणि भेटायला येणाऱ्यांसाठी घराचा पत्ता. चोराला मी किल्ली दिली होती आणि वर कुठल्या कपाटात काय आहे त्याची यादीही दिली होती.

मास्तरीणबाई म्हणाल्या, “काय झालं? पांढऱ्या पडलात.”

“काही नाही. चांगलं लिहिलंय.”

“म्हणजे काय, आम्ही सगळ्यांनी वाखाणलं होतं.”

“प्रश्न तोच आहे,” मी म्हटलं, आणि त्यांना काही कळलं नाही.

घरी येऊन मी सगळं जुळवत बसले. कुणीतरी माझ्या भावाचं नाव घालून हिंडत होता. त्याने जिथे तिथे कात्रणातली तीन मार्च भरली असणार, सरकारी नोंदीत मात्र एक नोव्हेंबर, मेळ बसेना. चूक कारकुनाची आहे असं त्याला वाटलं असणार. वडिलांचं, शाळेचं, सदऱ्याचं त्याला काय माहीत. म्हणून त्याने रीतसर दुरुस्तीचा अर्ज केला, आणि अर्जाला लागतं म्हणून थोरल्या बहिणीचं प्रतिज्ञापत्रही करून टाकलं. जे मी चोवीस वर्षांत केलं नाही ते एका चोराने केलं. आणि नोंद अजून जिवंत माणसाची होती, कारण पेन्सिलचं ओळखपत्र मी नोंदणी कार्यालयात जमाच केलं नव्हतं. तीन महिन्यांत करायचं असतं. पालिकेचा मृत्यूचा दाखला मी त्याच आठवड्यात आणला, तो कपाटात पडला. कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. त्यावरचा फोटो त्याचा सर्वांत वाईट फोटो होता, कॅमेरावाल्याने चष्मा काढायला लावल्यामुळे तो जरा बावरलेला, आणि मला तोच आवडायचा. बाजारात पर्स उघडली की तो बावरलेला चेहरा दिसायचा. एवढ्यासाठी ठेवलं. जगाला कागद फाडायला लावणाऱ्या बाईने एक कागद फाडला नाही आणि घर उघडं पडलं.

हरकत पंधरा दिवसांत घ्यायची होती. मी बारा दिवस घेतली नाही. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटत होतं. सकाळी उठल्यावर आधी आठवायचं की आता सरकारच्या वहीत तीन मार्च आहे. मी काहीच न करता ते तसंच राहणार होतं. पंधरावा दिवस उलटला की नोंद पक्की, आणि माझ्या नकाराची खूणसुद्धा राहणार नाही, उलट कागदावर असं दिसेल की बहिणीने भावासाठी लिहून दिलं. पेन्सिल असता तर म्हणाला असता, सुंठेवाचून खोकला गेला. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी खोलीत, कुणीतरी त्याचं नाव पुकारल्यावर “हो” म्हणत होता. दार वाजलं की त्या नावाने उठत होता. या घरात ते नाव घ्यायला मीच उरले होते आणि उत्तर देणारं कुणी नव्हतं. दुपारी चहा करताना मी अजून दोन कप पाणी मोजते आणि एक कप परत ओतते. त्या बारा दिवसांत एकदा ओतायची विसरले. दोन कप चहा झाला. दुसरा कप मी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि तो गार होईपर्यंत तिथेच बसले, मनात म्हणाले, असेल कुठेतरी, पीत असेल. मग स्वतःचीच चीड आली. तो भाऊ नव्हता. भावाच्या कातडीत शिरलेला कुणी परका होता, आणि मी त्याला चहा देत होते.

तेराव्या दिवशी मी टेबल पुसायला घेतलं आणि मागे उभी असलेली ती नकाशाची गुंडाळी घसरून खाली पडली. दोरी सुटली नाही. वर धूळ होती, दोरीची गाठ खात्यातल्या शिपायाने मारलेली तशीच होती, म्हणजे त्याने खरोखरच कधी उघडली नव्हती. मी ती मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. त्या नकाशात बत्तीस ताव त्याचे होते, नदी खरी होती, वळणं खरी होती, चूक फक्त खालच्या सहीत होती, आणि तेवढ्यासाठी त्याने तो आपला मानला नाही. मग ही तारीख त्याने घेतली असती का? खरी तारीख, खाली दुसऱ्याची सही. त्याने ती वाचून टेबलाच्या मागे उभी केली असती. मला हे तेरा दिवस ठाऊकच होतं बहुतेक, पण ठाऊक असून कानावर हात ठेवायची माझी जुनी सवय आहे. मी उठले, साडी बदलली, पर्समध्ये दाखला, पत्र आणि माझ्या नावाच्या वाळलेल्या सात पट्ट्या घातल्या आणि निघाले.

नोंदणी कार्यालयात बाकं आहेत आणि त्यांचा रंग हिरवाच आहे. माझे पाय आता टेकतात. समोर भिंतीवर लाल आकडे सरकत होते, माझा नंबर सत्तावन्न. खिडकीवरची बाई चाळिशीची असेल, सर्दीने नाक लाल, टेबलावर गरम पाण्याचा थर्मास. मी पत्र पुढे सरकवलं. “यावर नाव कुठाय?” तिने विचारलं. मी पट्ट्या काढून काचेसमोर ओळीने लावल्या. तिने पट्ट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा आवाज थोडा मऊ झाला.

“बसा आजी. काय हरकत आहे?”

“माझा भाऊ तीन वर्षांपूर्वी वारला.”

तिने दाखला वाचला, संगणकावर काहीतरी दाबलं, नाक पुसलं. “यांच्या नावावर एक फोन आहे. एक भाड्याची खोली आहे, दुसऱ्या शहरात. आणि मागच्या महिन्यात गाडी चालवायचा परवाना.”

“त्याला सायकलसुद्धा धड येत नव्हती.”

“मग हा कोणीतरी पक्का आहे,” ती म्हणाली. “पोलिसांकडे जाईल हे. तुम्हाला बोलावतील. कार्ड जमा करायचं राहिलं का तुमच्याकडून?”

“हो.”

“तीन वर्षं? राहिलं की ठेवलं?”

मला वाटतं दिवसभर लोकांची खोटी उत्तरं ऐकून तिला खऱ्याची चव कळत असावी. “ठेवलं,” मी म्हटलं. तिने हात पुढे केला. मी पर्समधून कार्ड काढून दिलं. तिने त्यावरचा फोटो पाहिला नाही, कात्रीने उजवा कोपरा कापला आणि कार्ड बाजूच्या खोक्यात टाकलं. फोटो तेवढा मिळेल का, असं विचारणार होते. नाही विचारलं. मीही तेहतीस वर्षं लोकांना नाहीच म्हणत आले.

मग तिने फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. “ही सही तुमची का, बघून सांगा.” सही माझ्या सहीपेक्षा बरी होती, शेवटची वेलांटी जरा जास्तच ऐटीत. पण मी आधी वरचा मजकूर वाचला. ‘मी लिहून देते की, मी वरील इसमाची सख्खी थोरली बहीण आहे. त्याचा जन्म तीन मार्च रोजी पुलाजवळच्या प्रसूतिगृहात झाला. त्या वेळी माझे वय पाच वर्षे होते. मी तेथे हजर होते. मला तो दिवस चांगला आठवतो. आईने त्याला माझ्या मांडीवर दिले होते.’ मी ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. वय त्याने सरकारी नोंदीतल्या माझ्या तारखेवरून काढलं असेल, पण हे वाक्य कात्रणातही नव्हतं. हे त्याने मनाने घातलं होतं, कुठल्याही थोरल्या बहिणीच्या बाबतीत असंच होत असणार असं वाटून. एका चोराने माझी मांडी कल्पनेने रचली होती आणि ती बरोबर होती. आणि मी खरी बसलेली, खरा तो गरम जीव मांडीवर घेतलेली, आणि मला सहा ओळी लिहायला जमल्या नव्हत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खिडकीवरच्या बाईने थर्मासचं झाकण भरून पुढे केलं. मी गरम पाणी प्यायले.

“सही माझी नाही,” मी म्हटलं.

“मग खाली लिहा. नमुना आहे, असाच उतरवा. सही माझी नाही व वरील मजकूर खोटा आहे.”

“मजकूर खोटा नाही.”

“आजी, सही खोटी म्हणजे सगळंच खोटं.”

“तो तीन मार्चलाच झाला. मी तिथे होते.”

मागे अठ्ठावन्न नंबर खोकला. “हे बघा,” ती हळू म्हणाली, “तुम्ही हरकत घेतली की जुनी तारीख परत येणार, आणि मग तीच कायमची. गेलेल्या माणसाची तारीख आम्ही दुरुस्त करत नाही. खरी असली तरी. कळतंय ना तुम्हाला, काय घालवताय ते?”

“कळतंय,” मी म्हटलं. “ते मी पूर्वीच घालवलंय.”

तिने पेन दिलं. मी खाली लिहिलं, सावकाश, रेकॉर्ड रूमच्या अक्षरात. ‘वरील सही माझी नाही. मजकूर खरा आहे. फक्त त्या वेळी मी पाच नव्हे, सहा वर्षांची होते.’ आणि त्याखाली माझी सही केली, जरा वाकडी, ऐट नसलेली. तिने कागद उलटा करून वाचला. नमुन्यात बसत नाही म्हणून ती खोडायला लावील असं मला वाटलं. तिने फक्त संगणकाकडे पाहिलं आणि बोटांवर मोजलं.

“हे सहाचं कशाला लिहिलंत? तुमच्या कार्डाप्रमाणे पाचच येतात.”

“कार्डाप्रमाणे पाचच.”

“म्हणजे तुमचीपण तारीख चुकीची आहे?”

“हो,” मी म्हटलं. इतकी वर्षं ज्याला भ्याले ते एवढंसं होतं, खिडकीतून पलीकडे गेलं आणि काही झालं नाही.

“मग करून घ्या ना दुरुस्त. तुम्ही हयात आहात, तुमची होते अजून.” तिने ड्रॉवरमधून कोरा अर्ज काढला. “फार काही लागत नाही. तुमच्याहून मोठं, सख्खं असं कोणीतरी लिहून द्यायला हवं. आहे ना कोणी?”

“नाही.”

“कोणीच नाही?”

“धाकटा होता,” मी म्हटलं. “घरात कोणाचं खरं वय किती, ते सगळं त्याला पाठ होतं.”

तिने अर्ज परत ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवर हळू लावला. माझ्या कागदावर शिक्का मारला, तारीख घातली, मशीनवर त्याची प्रत काढली आणि अजून गरम असलेला तो कागद काचेखालून माझ्याकडे सरकवला. “ही लिहून देणाराची प्रत. जपून ठेवा.” मी ती दुमडली नाही. हातात धरूनच घरी आणली. न्हाणीघरात बादली तशीच होती, परवाचे कागद तळाशी बसलेले. पुढच्या खोलीत जाऊन मी ती प्रत त्याच्या टेबलावर पसरली आणि वर त्याची लोखंडी पट्टी ठेवली. माझं नाव, पत्ता, सही, सगळं स्पष्ट दिसत होतं. खिडकी उघडी होती. मी प्रतीला कात्री लावली नाही.